चौदा नंबर

शाळेच्या व्यायाम-हॉलात तीन टेबलं मांडलीत,
भिंतीवरच्या शिड्यांना ओले कोट टांगलेत.
स्ट्योर्दालमध्ये नोव्हेंबरात
दुपारी तीनलाच दिवस मिटतो.
मी पेन्सिलीला टोक काढते.
मी चाखत नाही. मी ओतते, आणि लिहिते.

चौथं वर्ष आहे, थेंबही न घेता.
म्हणून तर हे काम मला दिलं:
तूरब्यर्गचा हात आता हलत नाही, म्हणाले.
ज्यांनी म्हटलं, त्यांतल्या निम्म्यांनी
तेव्हा नाकाने कांदे सोलले होते.
आज तीच नाकं ग्लासात.

पहिली पेल एल, ट्रॉन्हाइमच्या कुण्या पोरांची.
एइलर्ट डोळे मिटून नाक आत बुडवतो.
तीस वर्षं गुरांचा डॉक्टर होता तो,
कशातही नाक घालायची त्याला लाज नाही.
"संत्र्याची साल. मागून कापलेलं गवत."
लिहिलं.
"मांजर मुतलंय," ऑडलाउग म्हणते, "पण चांगल्या अर्थानं."
तेही लिहिलं.

मग गव्हाची, गढूळ,
तिच्यात पिकलं केळं आणि लवंग.
मग स्टाउट, काळीमिट्ट,
पावाच्या करपलेल्या कडेसारखी;
ऑडलाउगला खरपूस, हाल्डोरला सपक.
मग दलदलीतल्या पिवळ्या बेरींची आंबट,
जिच्या पहिल्या घोटाला
हाल्डोरचा डावा डोळा आपोआप मिटला.
रकान्यात काय लिहावं कळेना,
म्हणून लिहिलं: डावा डोळा.

जिभेला हाड नसतं,
गुणांना मात्र चौकटी असतात:
वासाला दहा, रंगाला पाच, फेसाला पाच, चवीला वीस.
ओतताना मी श्वास रोखते.
हे कुठल्याच चौकटीत नाही.

चौदा नंबर इथल्याच खोऱ्यातली.
मोड आलेला सातू ऑल्डरच्या धुरावर वाळवून केलेली,
तपकिरी, तिच्यावर फेस असा-तसाच.
"धूर फार," एइलर्ट म्हणाला. "घर जळाल्यासारखा. चवीला सात."
"घर नव्हे रे, भट्टीघर," ऑडलाउग म्हणाली,
"पहाटे चारला सातू परतायला उठलेल्या माणसाचा स्वेटर आहे हा.
सतरा."
हाल्डोरने मान खाजवली.
एकदा प्यायला, पुन्हा प्यायला,
मग ग्लास माझ्याकडे सरकवला.
"तू नुसतं हुंग."

हॉल एकदम मोठा झाला.
मागे कुणीतरी खुर्ची ओढली.

ओली लोकर.
तिच्याखाली डांबर,
त्याच्याखाली जरा गोडसर, भाजल्या कवचाचं,
आणि अगदी तळाशी
थंड लोखंडी कडी.
ती कडी मला ठाऊक होती.
एका फेब्रुवारीत
मी तिच्या आतल्या बाजूला सापडले होते,
सातूच्या पोत्यांवर, एकच बूट पायात,
आणि इंगेब्रिक्तने स्वतःचा स्वेटर काढून मला घातला होता,
घरी सोडलं होतं,
आणि गावात, या गावात,
कुणाला बोलला नव्हता.

नाव सांगायचं नसतं. नियम आहे.
नाव ओळखू आलं तर काय करायचं,
तो नियम चाखणाऱ्यांसाठी आहे.

"बोल की," एइलर्ट म्हणाला.
"धूर आहे," मी म्हटलं,
"पण धुराला दार आहे. बाहेर पडता येतं."

एइलर्टने पुन्हा एक घोट घेतला, तोंडात फिरवला,
छताकडे बघत राहिला,
आणि साताचे अकरा केले.
त्याहून पुढे गेला नाही. म्हातारा हट्टी आहे.
मी अकरा लिहिले. सुबक.

पंधरा नंबर ओतताना
श्वास रोखायचा राहून गेला.
संत्र्याची साल.
एइलर्ट नाक बुडवायच्या आत
मी लिहून टाकलं होतं.